पहिली चार्जिंगची गाडी घेताय? सोलापुरात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या गल्लीत सध्या चार्जिंगच्या पाच गाड्या, म्हणजे बॅटरीवरच्या स्कूटर, आहेत. त्यांतल्या दोन ताडपत्रीखाली पडून आहेत आणि त्या दोनांतली एक माझी. गाड्या तशा वाईट नव्हत्या. शोरूममध्ये शिरल्या शिरल्या आम्ही विचारलं, "एका चार्जिंगला किती जाते?" आणि तिथंच फसलो. पहिला प्रश्न विचारायचा होता तो घरी, मीटरच्या बोर्डापाशी.

प्लग न बघता गाडी बुक करणं

घरी मिळणारा चार्जर साधारण पाऊण ते एक किलोवॅटचा असतो. इस्त्रीही तेवढीच वीज ओढते, पण ती अर्ध्या तासात बंद होते. गाडी चार-पाच तास सलग ओढत राहते. शहराच्या पूर्व भागातल्या जुन्या घरांत एकाच लाईनवर पंखा, टीव्ही आणि पाण्याची मोटर असते. त्यावर एक्स्टेंशन बोर्ड लावून रोज गाडी चार्ज केली की बोर्डाचं प्लास्टिक पिवळं पडतं, पिन सैल होते आणि एक दिवस जळका वास येतो. म्हणून आधी वायरमनला बोलवा. मीटरपासून वेगळी लाईन, १६ अँपिअरचा सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) घ्या.

अर्थिंग तपासायला विसरू नका. काही चार्जर अर्थिंग नीट नसेल तर चालूच होत नाहीत, आणि लोक शोरूमवाल्याशी भांडत बसतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात खड्ड्याला पाणी घाला म्हणणं जरा जिवावर येतं, पण भाजी धुतलेलं पाणी चालतं.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि पार्किंगमध्ये प्लग नसेल, तर बॅटरी बाहेर निघणारी गाडी बघा. दुकानात ती एकदा स्वतः उचलूनही बघा. दहा किलोच्या आसपासचं ते धूड रोज जिन्यावरून कोण नेणार, हे घरात आधीच ठरलेलं बरं.

"लायसन्स लागत नाही मालक"

हे वाक्य अर्धं खरं आहे. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, असं प्रमाणित मॉडेल कायद्याने मोटार वाहनात धरत नाहीत. त्याला नोंदणी नाही, लायसन्स नाही. सकाळी सिद्धेश्वर मंदिर, तिथून मंडई आणि घर, एवढाच फेरा असलेल्या वडीलधाऱ्यांना ती उत्तम.

पण पुढचं वाक्य असतं, "एक वायर काढून देतो, पंचेचाळीसनं पळती." ती वायर निघाली की तुमच्याकडे नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं मोटार वाहन असतं, आणि ते चालवतो बहुतेक कॉलेजचा पोरगा. अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर परिवहन विभागाने २०२२ मध्ये राज्यभर मोहीम काढली होती. दंडाचं सोडा. उद्या कुणाला धडक बसली तर नुकसानभरपाई घरातून द्यावी लागते. वेग हवा असेल तर हिरव्या नंबरप्लेटची, पासिंग झालेली गाडी घ्या.

जाहिरातीतली रेंज धरून तुळजापूर गाठणं

कंपनी सांगते तो आकडा चाचणीतला असतो. तिथं डबल सीट नाही, स्पीडब्रेकर नाहीत, समोरून वारा नाही. आकड्याचा दोनतृतीयांश ते पाऊण भाग धरा. त्यापेक्षा सोपा हिशेब युनिटचा. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. ६० व्होल्ट, २४ अँपिअर-अवर म्हणजे १.४४ युनिट. स्कूटर शहरात एका युनिटला साधारण तीस किलोमीटर जाते. विक्रेता १.४४ युनिटच्या बॅटरीवर शंभर किलोमीटर सांगत असेल, तर मान डोलवा आणि बाहेर पडा.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे हायवेला साठने पळवली की शहरातला हिशेब मोडतो. तुळजापूर इथून साधारण ४५ किलोमीटर आणि घाट नेमका शेवटी, बॅटरी उतरलेली असताना. कोजागरीला निम्मं सोलापूर तिकडं पायी निघतं. गाडी ढकलत त्यांत सामील व्हायचं नसेल तर जाऊन-येऊन नव्वदचा हिशेब मांडून निघा.

माझं मत विचाराल तर वर्षातून चार वेळा होणाऱ्या तुळजापूरसाठी मोठ्या बॅटरीचे पैसे घालू नका. एसटी आहे. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीला रोज जायचं, तर दिवसाचे वीस-पंचवीस किलोमीटर होतात. त्याला दोन-अडीच युनिटची बॅटरी पुष्कळ झाली.

स्वस्त बॅटरी आणि मे महिना

माझी गाडी इथं मेली. दहा-बारा हजार वाचवायला लेड-ॲसिडची घेतली. जड, चार्ज व्हायला रात्रभर, आणि पूर्ण उतरवली की दरवेळी थोडी थोडी खचते. सव्वा वर्षात ती चाळीस किलोमीटरवरून पंधरावर आली. आता घेतली तर लिथियमच, आणि त्यातही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) मिळाली तर उत्तम. तिची बॅटरी जरा जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि जास्त वर्षं टिकते. पारा ४४ वर जाणाऱ्या गावात मला तरी हेच पटतं.

जुनी गाडी घेत असाल तर उत्पादनाची तारीख बघा. २०२२ मध्ये चार्जिंगच्या गाड्यांना लागलेल्या आगींनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. एआयएस-१५६ या सुरक्षा मानकातल्या सुधारणा १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्याआधीची गाडी फुकटात मिळाली तरी मी दारात उभी करणार नाही. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. नव्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, पण पुढे बॅटरी सुटी घ्यायला गेलात की १८ टक्के. म्हणून वॉरंटीच्या कागदावर किती वर्षं, किती किलोमीटर आणि किती टक्के क्षमता उरल्यावर बॅटरी बदलून मिळणार, हे तिन्ही आकडे शोधा.

दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. तासभर निवू द्या, रात्री लावा. पत्र्याच्या शेडपेक्षा कडुलिंबाची सावली बरी.

दुकान बघितलं, वर्कशॉप नाही

ज्या दुकानातून मी गाडी घेतली, तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा भाग, गेला तेव्हा तो पुण्याहून मागवण्यात दोन महिने गेले. पैसे भरण्याआधी वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा आणि दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या मालकांशी बोला. मागच्या चाकात मोटर असेल तर ट्यूबलेस टायरच घ्या. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मोटरचं चाक उघडायला हात लावत नाही.

घेतल्यावर अडलं तर

चार्जिंग मधेच तुटतंय? पाणी सुटायच्या वेळी बघा. गल्लीतल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतो. वेळ बदला.

रेंज एकाएकी घटली तर बॅटरीला शिव्या देण्याआधी टायरची हवा भरा, मग स्टँडवर चाक फिरवून ब्रेक घासतोय का ते बघा. चार्ज कमी उरला की गाडी मुद्दाम हळू होते. तो बिघाड नाही.

चालूच होत नसेल तर? शेजारचे काका सात रस्ता चौकापासून घरापर्यंत, भर दुपारी, गाडी ढकलत आले. शर्ट पिळून वाळत घालावा असा भिजलेला. मी साइड स्टँड पायाने नीट वर केला, ब्रेक दाबून बटण दाबलं आणि दिवा लागला. काकांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "आता हे वर सांगू नकोस बे."