लिनक्सचा राउटर करताना : पॅकेट जाते, उत्तर येत नाही

दोन नेटवर्क कार्डे असलेल्या लिनक्स मशीनचा राउटर करायचा म्हणजे मुळात बंद असलेले आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावर आलेले पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, दुसऱ्या कार्डावरून पुढे पाठवण्याची सोय) ० वरून १ करायचे, असा नवोदितांचा समज असतो; पण उत्तराला परतीची वाटही लागते. फॉरवर्डिंगचे मूल्य सिसकंट्रोलच्या (sysctl, लिनक्सच्या गाभ्याची मूल्ये ठरवणारी सोय) फाइलमध्ये लिहून ठेवले नाही, तर रीबूटनंतर पुन्हा ० होते, एवढे ध्यानात ठेवून पुढे जावे.

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मला ऑफिसचे १९२.१६८.१०.०/२४ (म्हणजे १९२.१६८.१० ने सुरू होणारे सगळे पत्ते) आणि मशीन शॉपचे १९२.१६८.२०.०/२४ ही नेटवर्क जोडायची होती. ऑफिसचा गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जाणारी पॅकेट जिच्याकडे सोपवली जातात ती वाट, लिनक्स मशीन होते, फॉरवर्डिंग सुरू होते, फायरवॉलमध्ये आडकाठी नव्हती, तरीही ऑफिसमधून केलेल्या पिंगला (समोरचा संगणक पोहोचण्याजोगा आहे का हे विचारणाऱ्या विनंतीला) शॉपमधून उत्तर येत नव्हते. अशा वेळी आपल्याला काही येते यावरचाच विश्वास उडतो, आणि ती घालमेल मला आजही आठवते. दोन्ही कार्डांवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावल्यावर दिसले, की विनंती ऑफिसच्या बाजूने आत येऊन शॉपच्या बाजूने बाहेर पडत होती, परत मात्र काहीच येत नव्हते. शॉपमधील संगणकांचा डिफॉल्ट गेटवे इंटरनेटचा राउटर, म्हणजे १९२.१६८.२०.१ होता. पॅकेट ज्या वाटेने आले ती वाट उत्तर देणारा संगणक लक्षात ठेवत नाही. तो फक्त स्वतःचे राउटिंग टेबल, म्हणजे कोणत्या नेटवर्कसाठी कोणती वाट याची यादी, पाहतो. म्हणून उत्तर त्या राउटरकडे जाई, आणि त्याला ऑफिसचे नेटवर्क ठाऊक नसल्याने तिथेच वाया जाई.

त्या राउटरवर १९२.१६८.१०.०/२४ साठी १९२.१६८.२०.२५४, म्हणजे लिनक्स मशीन, असा स्टॅटिक रूट (हाताने नोंदवलेली कायमची वाट) घातला की पिंग सुरू होते. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. राउटरच्या फायरवॉलला संभाषणाची एकच बाजू दिसत असल्याने ती टीसीपीची जोडणी तोडू शकते. तेव्हा तोच रूट शॉपमधील संगणकांवर द्यावा, आणि डीएचसीपी (संगणकांना पत्ते आपोआप देणारी सेवा) असेल तर त्याच्या १२१ क्रमांकाच्या पर्यायातून तो सर्वांना एकदम देता येतो.

‘मास्करेड लाव, चालून जाईल’ (म्हणजे पुढे जाणाऱ्या पॅकेटवर पाठवणाऱ्याऐवजी लिनक्स मशीनचाच पत्ता घाल) हा सल्ला हमखास मिळेल, आणि ते चालतेही; पण मग शॉपच्या सर्व्हरवरील लॉगमध्ये सगळे ऑफिस एकाच पत्त्याने दिसते आणि कोणाच्या संगणकावरून काय झाले हे शोधता येत नाही. व्हॉट्सॲपवर तयार कमांड पाठवणाऱ्या वरिष्ठापेक्षा शेजारी बसून टीसीपीडंपची एकेक ओळ वाचायला लावणारा मार्गदर्शक मला शतपटीने मोलाचा वाटतो. तसा कोणी भेटला नाही तरी खचू नका: नेटवर्क नेमस्पेस (लिनक्समधील एकमेकांपासून वेगळी आभासी नेटवर्क) वापरून एकाच लॅपटॉपवर ऑफिस, राउटर आणि शॉप उभे करता येतात, आणि परतीचा रूट काढून-घालून काय बिघडते ते निवांत पाहता येते.