सूप आणि तांबडा कोंबडा

पेडण्यातल्या आमच्या परसात सहा कोंबड्या, दोन कोंबडे. त्यातला तांबडा वर्षाचा झाला आणि आईच्या पोटऱ्यांवर झेपावू लागला. आम्ही झाडूने हाकलायचो, तिथंच चुकत होतं: त्याला ते झुंजीचं आमंत्रण वाटायचं, आणि आपण पळालो की तो जिंकला!

मग गमबूट घातले, हातात जुनं सूप घेतलं. अंगावर आला की सूप आडवं धरायचं, जागचं हलायचं नाही. रोज संध्याकाळी काखेत घट्ट धरून माडांखाली फिरवला. शेजारची वहिनी हसायची, हसू दे. पायामागच्या काट्यांची टोकं कानशीने बोथट केली. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या लागतात, म्हणून दुसरा मावशीकडे डिचोलीला धाडला.

तीन आठवड्यांनी तांबडा वाट सोडू लागला. भाचीला मात्र अजून एकटीला परसात पाठवत नाही.