मालवण जेट्टीचे फोटो सपाट येत होते, ते असे सुधारले

मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्गाचा फोटो काढला की किल्ला नुसती काळी रेघ दिसायचा आणि पुढे सगळं सिमेंट. मोबाईलच्या ०.५ वाइड लेन्सने किल्ला अजूनच लांब जातो, म्हणून ती बंद करून २एक्स (दुप्पट झूम) लावलं, ग्रिड म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा ऑन केल्या आणि मधोमध उभं न राहता एका कडेला सरकून खाली बसलो, मग जेट्टीची कड फ्रेमच्या कोपऱ्यातून निघून थेट तटबंदीकडे जायला लागली, खूप फरक पडतो यार. क्षितिज ग्रिडच्या वरच्या रेघेवर ठेवलं, कारण मजा सगळी खाली आहे, खांबांना चिकटलेली कालवं, हिरवं शेवाळ, होडीचा ताणलेला दोर. हे दिसायला ओहोटी लागते आणि ती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, तेव्हा आधी वेळ बघून घ्या. किल्ला नैऋत्येकडे असल्याने संध्याकाळी ऊन समोरून येतं, सिल्हूट, म्हणजे नुसती काळी आकृतीच हवी असेल तर ठीक. तटाचे दगड दिसायला हवे असतील तर सकाळीच जा, ऊन पाठीमागून पडतं. होडी फ्रेममध्ये शिरताना क्लिक करा, तिच्यापुढे थोडं पाणी मोकळं सोडून.