इंजिन बसवलं? आधी तेल चढू द्या

नुकतंच बसवलेलं इंजिन थेट चालू करू नका. कोरडा ऑइल पंप तेल ओढत नाही, नुसती हवा घुसळतो. फिल्टर उभा बसत असेल तर तेलाने भरूनच लावा. मग इग्निशनची ठिणगी आणि इंधन बंद करून स्पार्क प्लग काढा आणि स्टार्टर १०-१५ सेकंद फिरवा. मध्ये त्याला थंड होऊ द्या. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत हेच.

विझतच नाही? लगेच ऑइल संप (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) उघडायला धावू नका. माझा पहिला संशय नेहमी ऑइल प्रेशरच्या सेन्सरवर. तो काढून तिथे मेकॅनिकल गेज (काट्याचा दाबमापक) लावा. त्याचाही काटा हलला नाही, तर पिकअप पाइपची, म्हणजे संपमधून पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीची, ओ-रिंग (रबरी गोल सील) बघा. बसवताना चिरली किंवा दुमडली असेल तर पंप तिथूनच हवा ओढतो.