फोन चालू ठेवूनही उसंत मिळवा

फोन बंदच करून टाका, हा सल्ला मला पटत नाही. घरात कुणी आजारी असेल तर जीव टांगणीला लागतो. त्यापेक्षा फोनमधली ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही रिंग आणि सूचना गप्प ठेवणारी सोय लावा आणि जवळच्या माणसांना त्यातून सूट द्या. ‘रिपीट कॉलर्स’ही चालू ठेवा, कुणी लागोपाठ दुसऱ्यांदा फोन केला की रिंग वाजते. ग्रुप म्यूट करा, नातेवाइकांचेसुद्धा.

ईमेल दिवसातून तीनदाच उघडा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असं केलेल्या आठवड्यात लोकांना रोजचा ताण कमी जाणवला होता. आणि हो, ऑफिसात आधीच सांगून ठेवा: तातडीचं असेल तर मेसेज नको, सरळ फोन करा.

रात्री चार्जर झोपायच्या खोलीबाहेर. गजराला साधं घड्याळ घ्या.