चवथीला पंधरा पानं वाढताना या चुका टाळा

चार माणसांचं खतखतं, म्हणजे आपली डाळ-खोबऱ्याची मिसळ भाजी, आपल्याला डोळे झाकून जमतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्याची मंडळी येतात, पंधरा पानं मांडायची होतात आणि तेच खतखतं बिघडतं. हात तोच, मसाला तोच. मोठ्या टोपात पदार्थ घालण्याचा क्रम चुकला तर सावरणं फार कठीण होतं, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात मोठी चूक आंबटाची. दोन वर्षांपूर्वी मी सुरण, कणगी (एक कंद), कच्ची केळी, भोपळा सगळं एकदम टोपात घातलं आणि सोलंही (सुकवलेली आंबट कोकमं) सुरुवातीलाच टाकली. तासाभराने भोपळ्याचा लगदा झाला होता, सुरण मात्र दाताखाली कचकचत होता. सासूबाईंनी एक फोड दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, आंबट मागाहून. आंबटात भाजी शिजत नाही." खरंच आहे ते. आंबट पडलं की भाजी मऊ व्हायला फार वेळ लागतो. मग सुरण खाजरा लागू नये म्हणून काय करायचं? चिरलेल्या फोडी सोलांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, ते पाणी फेकून द्या, फोडी धुवा आणि मगच शिजायला टाका. आधी सुरण, कणगी आणि मक्याचे तुकडे, मग मुळा आणि शेवग्याच्या शेंगा, भोपळा सगळ्यात शेवटी. सगळं शिजल्यावर शिजवलेली तूरडाळ आणि वाटलेलं खोबरं, त्यानंतर गूळ आणि सोलं.

आंबट आधीच पडलं असेल तर टोप तसाच उकळत ठेवू नका. सुरणाच्या फोडी झाऱ्याने काढा, साध्या पाण्यात कुकरला एक शिटी द्या आणि परत टोपात सोडा. बाकीची भाजी वाचते.

तिरफळं, म्हणजे ती जिभेला झिणझिण्या आणणारी मसाल्याची फळं, माणसांच्या हिशेबाने वाढवू नका. चौघांना आठ लागतात म्हणून पंधरा जणांना तीस घातली तर जीभ बधिर होते. मी वीसवर थांबते. आतली काळी बी काढायची, टरफल थोड्या पाण्यात ठेचायचं आणि गॅस बंद करण्याआधी पाच मिनिटं घालायचं. फार वेळ उकळलं तर कडवटपणा उतरतो. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली सुकी तिरफळं वर्षभर टिकतात, पण डबा घट्ट बंद हवा.

पाणीही माणसांच्या हिशेबाने वाढवायचं नाही. मोठ्या टोपात ते मानाने कमी आटतं. थोडं कमी घाला आणि लागेल तसं गरम पाणी ओता.

मणगण्यातही, म्हणजे चण्याची डाळ, गूळ आणि नारळाच्या रसाच्या खिरीतही, क्रमच महत्त्वाचा. चण्याची डाळ बोटांनी चेपेल इतकी शिजल्याशिवाय गूळ घालू नका. एकदा गूळ पडला की डाळ तशीच कडक राहते. गूळ विरघळून एक उकळी येऊ द्या, गॅस बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग नारळाचा दाट रस ओता. मोठं पातेलं गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं असतं आणि रस त्यातच फाटतो. फाटला तर चमचाभर तांदळाचं पीठ पातळ रसात कालवा, मंद आचेवर ढवळत एकजीव करा.

सोलकढी गॅसवर कधीच ठेवू नये. आगळात, म्हणजे कोकमाच्या दाट रसात, मीठ असतं, म्हणून चव घेतल्याशिवाय वरून मीठ टाकू नका. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. अॅल्युमिनियममध्ये आंबट ठेवलं की चव बदलते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या कढीवर खोबऱ्याचा थर जमला तर घाबरू नका, बाहेर काढून थोडा वेळ ठेवा आणि ढवळा.

पातोळ्यांत, म्हणजे हळदीच्या पानात उकडलेल्या गोड पोळ्यांत, चूक होते ती घाईची. हळदीच्या पानांवर पीठ जाड थापू नका आणि चूण (खोबरं-गुळाचं सारण) कोरडं परतून घ्या, नाहीतर गुळाचा पाक बाहेर येऊन पान चिकटतं. मोदकपात्रात पातोळ्या एकावर एक दाबून रचल्या तर मधल्या कच्च्या राहतात, म्हणून उभ्या, थोडी फट ठेवून लावा. उकडल्यावर लगेच सोलू नका. पाच मिनिटं थांबलं की पान आपसूक सुटतं आणि त्याच्या शिरांची नक्षी पातोळीवर तशीच उमटलेली दिसते.