सुगीचा पैसा, बारमाही खर्च आणि कर्जाचा हिशेब

मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न दरमहा येत नाही. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोंढ्यावर जाते, तूर आणि हरभरा त्यानंतर मार्चपर्यंत निघतात. किराणा, वीजबिल, दवाखाना आणि मुलांची फी मात्र बाराही महिने चालू असते. म्हणून घरचा हिशेब महिन्याचा न मांडता वर्षाचा मांडावा. वहीत जून ते मे असे बारा महिने लिहून प्रत्येकासमोर येणारा आणि जाणारा पैसा लिहावा, आणि उत्पन्नाचा अंदाज चांगल्या सालावरून न धरता अलीकडच्या वाईट सालावरून धरावा. बियाणे, खत आणि शाळा-कॉलेजचे प्रवेश जून-जुलैत एकदमच येतात, त्यामुळे सर्वांत मोठी तूट तिथेच दिसेल. ती आकड्यात कळल्याशिवाय कर्जाची रक्कम ठरवू नये.

पीक कर्ज हे सर्वांत स्वस्त कर्ज आहे. केंद्राच्या व्याज सवलतीला राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची जोड मिळत असल्याने 3 लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्यावर व्याजाचा भार जवळजवळ राहत नाही. हीच रक्कम लग्नाकडे किंवा मोटारसायकलीकडे वळवली, तर पेरणीसाठी दुसऱ्याकडून शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलावे लागतात, म्हणजे वर्षाला 36 टक्के. मुदत चुकली की सवलतही जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते.

व्याजाचा दर ऐकताना तो घटत्या शिलकेवर आहे की मूळ रकमेवर सरसकट, हे आधी विचारावे. समजा, 50,000 रुपये 12 टक्के सरसकट दराने एका वर्षासाठी घेतले, तर व्याज 6,000 आणि दरमहा हप्ता सुमारे 4,667 रुपये होतो. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, त्यामुळे खरा दर 21 टक्क्यांच्या पुढे जातो. मोबाइल आणि फ्रीजच्या हप्त्यांत प्रक्रिया शुल्कही मिसळलेले असते, म्हणून सही करण्यापूर्वी सर्व खर्च धरून काढलेला वार्षिक दर लेखी मागावा.

क्रेडिट कार्डावर केवळ किमान देय रक्कम भरली, तर उरलेल्या रकमेवर बहुधा महिन्याला 3 टक्क्यांहून अधिक व्याज लागते. पूर्ण बिल भरण्याइतके पैसे खात्यात ठेवणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी कार्ड घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूक्ष्म वित्त कर्जाबाबत, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तारणाशिवाय मिळणाऱ्या छोट्या कर्जाबाबत, रिझर्व्ह बँकेने कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांच्या आत ठेवण्याची मर्यादा घातली आहे. कोरडवाहू घरासाठी ती मला फार सैल वाटते. एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ नये. बचत गटाचा हप्ता आणि दुकानातली उधारीही या बेरजेत धरावी, कारण त्या कागदावर नसल्या तरी फेडाव्या लागतातच.

आडतीवरून पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाचे, पैसे हाती आले की त्याच आठवड्यात वाटणी करावी: आधी पीक कर्जाची मुदत पाळण्यापुरती रक्कम बाजूला काढावी, मग सर्वांत जास्त व्याजाचे देणे फेडावे, त्यानंतर पुढच्या सुगीपर्यंतचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवावा. पीक गेले आणि हप्ता चुकणार असे दिसले, तर मुदत संपण्याआधी बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाची, म्हणजे फेडीची मुदत आणि हप्ते नव्याने ठरवून घेण्याची, चौकशी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी.